पुऱ्या गार करणारी गिटार

वसंतकाका देवस्थळी यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. २००१ साली मी पुण्याहून अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी आलो आणि इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम-सचिव झालो. गणेशोत्सवात आरतीनंतर पुऱ्या तळून होईपर्यंतची वीस मिनिटं भरायची होती. "ते गिटारवाले काका आहेत ना, त्यांना बसवा," असं कुणी सुचवलं. मी बसवलं. काका ब्लूज हे अमेरिकी संगीत वाजवत असतानाच मी त्यांच्याच माइकवरून "जेवण तयार आहे!" अशी घोषणा केली. सभागृह रिकामं झालं. काकांनी उरलेलं गाणं शांतपणे पुरं केलं.

पुढे कळलं की याच गृहस्थांना ऐकायला मिनियापोलिसच्या क्लबांत लोक उभे राहतात. आठवडाभर इंजिनिअरची नोकरी आणि शनिवारी मिनेसोटातल्या गावोगावी गिटार, असं त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. तरी आमच्याकडे दरवर्षी तीच वीस मिनिटं! "नो प्रॉब्लेम यार, पुरीपुढे माझं काय चालणार?" असं काका हसून म्हणायचे. तेव्हा मीही हसायचो. आज लाज वाटते.

माझे वडील गेले तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला पुण्याला जाता आलं नाही. काका गिटार घेऊन घरी आले आणि तासभर वाजवत बसले. ब्लूजला दुःखाचं गाणं का म्हणतात, ते मला त्या दुपारी कळलं.

मग एका हिवाळ्यात, दारातला बर्फ यंत्राने काढताना, काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यात सापडली. बोटं वाचली, पण वाकेनात. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. काकांनी गराजमधल्या पान्यांच्या डब्यातून एक पोकळ लोखंडी नळी काढली, ताठ करंगळीत घातली आणि ती तारांवरून सरकवत पहिल्यापासून शिकायला बसले. "यापेक्षा मिक्सर परवडला," असं काकू म्हणायच्या, पण वर्षभरात त्यांनी खोलीचं दार एकदाही लावून घेतलं नाही.

गेल्या गणेशोत्सवात काका पुन्हा मंचावर आले, त्याच वीस मिनिटांसाठी. नळी तारेवरून सरकली आणि गिटार माणसासारखी हाक मारू लागली. पुऱ्या झाल्या. मी सवयीने माइककडे निघालो, तर माझ्या मुलीने शर्टच धरला. "बाबा, डोन्ट यू डेअर!" मागे पाहतो तो स्वयंपाकघरातली मंडळी हातात झारे घेऊन दारात उभी. पाऊण तास कुणी हललं नाही. पुऱ्या पार गार झाल्या आणि त्या आम्ही सगळ्यांनी मोठ्या आनंदाने खाल्ल्या.

काका, साठी पूर्ण करताना आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हात असाच चालता राहो. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या नावापुढे मी वेळ लिहिलेली नाही. आपण गिटार खाली ठेवलीत की मगच कढई चढेल.