उंबऱ्याच्या आतला प्रसाद

अकोल्याच्या त्या घरात मला कुणी कधी नावाने हाक मारली नाही. ‘ते कोकनातली’ म्हणायचे, तेही माझ्या तोंडावर. पाणी मागितलं तर माठाकडे बोट दाखवायचे. मीही मनातल्या मनात त्यांना काही कमी शिव्या दिलेल्या नाहीत.

मी अमरावतीला साहेबांकडे असते. साहेब आपल्या सरकारच्या परदेशातल्या वकिलातींमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिले. बाईंच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, तेव्हा त्यांचं करायला मला ठेवलं. माझी शाळा सातवीत सुटली. गाव पार समुद्राकाठी, वर्षातून एकदा जाणं झालं तर झालं. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन साहेबांनी करवून दिलं आणि पुन्हा त्याचा विषयही काढला नाही. म्हणून या घराला कुणी वाकडं बोललं की माझा जीव खालीवर होतो. आणि खरं सांगायचं तर भीतीही असते. उद्या बाईंचं काही झालं तर मी कुठे जाऊ?

साहेब बाईंची वेणी स्वतः घालतात. वाकडी घालतात. मी नीट करायला गेले तर बाई डाव्या हाताने मला ढकलून देतात.

गेल्या भाद्रपदात बाईंनी एकच धरून ठेवलं, महालक्ष्मीचा प्रसाद खायचा. गौरींना इकडे महालक्ष्म्या म्हणतात. साहेब थोरले, पण सगळी उमर परदेशात गेली, म्हणून महालक्ष्म्या अकोल्याला धाकट्या भावाच्या घरी बसतात. बाईंना एवढा प्रवास झेपेल की नाही, या काळजीने साहेबांनी त्यांना शेजारच्या काकूंच्या हवाली केलं आणि प्रसादाचा डबा सांभाळून आणायला मला बरोबर घेतलं.

पंगतीत साहेब एकेका भाजीचं कौतुक करत होते. कुणी मान वर केली नाही. साहेबांच्या भावजयबाई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरून बोलत नाहीत, तिथली जुनी रीत. बोलायचं तर मध्ये कुणीतरी लागतं. त्या दिवशी मध्ये मी सापडले.

हात धुऊन साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि पिशवीतला डबा माझ्या हातात दिला. “दोन पुरणपोळ्या आणि थोडी आंबील घे तिच्यासाठी.” आमच्या गावी सणाचं ताट शेजारीपाजारी जातंच. मी डबा उघडला.

भावजयबाईंनी हातातला झारा आपटला. “कोनाचा डबा हाय व तो?”

“साहेबांचा. बाईंसाठी.”

“सांग तुह्या साहेबाले, महालक्ष्मीचा परसाद या घरातून उंबऱ्याबाहीर जात नाही. सासरी जाणाऱ्या लेकीलेबी बांधून देत नाही आमी.”

साहेब तिथेच उभे, सगळं ऐकत. तरी मलाच म्हणाले, “त्यांना सांग, आजारी माणसासाठी एवढं चालावं. देवीची क्षमा मी मागेन.”

“देवीची मांगान, अन् माही कोन मांगन? इतके वर्सं सोळा भाज्या म्या चिरल्या, पुरन म्या वाटलं. एका वर्सी तरी जाऊबाई आल्या काय हात लावाले? आता लुळ्या पडल्या त परसाद आठोला!”

त्या ‘लुळ्या’ शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक गेली. साहेबांचा चेहरा नुसता उतरला. बाहेरच्या खोलीतून धाकटे भाऊ ओरडले, “काय दादा, जिनगीभर देशादेशाचे भांडणं मिटोले अन् घरच्या उंबऱ्याचा कायदा मालूम नाही?” पाहुणे खो खो हसले.

साहेबांनी डबा माझ्या हातून घेतला, झाकण लावलं, रिकामाच पिशवीत ठेवला. “ठीक आहे. मग मी तिलाच इथे आणतो.”

“आना म्हना ना!” भावजयबाई म्हणाल्या. “पाहू.”

परतताना मूर्तिजापूर आलं तेव्हा साहेब म्हणाले, “तिने राबून केलंय गं सगळं. तिचं चुकलं नाही.” मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. आजारी माणसाचा घास अडवते ती रीत कसली?

दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या उठायच्या, म्हणजे त्यांचं विसर्जन व्हायच्या आत, आम्ही बाईंना गाडीत घालून निघालो. वाटेत त्यांना उलटी झाली. परत फिरू या का म्हणून साहेबांनी विचारलं, तर बाईंनी हातानेच पुढे दाखवलं.

घराच्या पायऱ्या उंच. धाकटे भाऊ दारातच पेपर वाचत बसलेले, त्यांनी मांडी मोडली नाही. एका बाजूने साहेब, एका बाजूने मी, अशी बाईंची चाकांची खुर्ची चढवली. साहेबांचा गुडघा पायरीवर सडकून आपटला. तरीही पेपर हलला नाही.

उंबऱ्याच्या आत खुर्ची टेकली तशा भावजयबाई आल्या. बाईंकडे बघत राहिल्या. वाकडं झालेलं तोंड त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “कालच्या पोया हायेत. शिळं खाईन काय तुही बाई?”

“दे,” बाई म्हणाल्या.

ताट आलं. मी भरवायला हात पुढे केला तर भावजयबाईंनी मला कोपरानेच बाजूला सारलं. “सरक. हे तुह्यं काम नाही.” त्यांनी पोळी आंबिलीत कुस्करली आणि घास दिला. बाईंनी तो कितीतरी वेळ तोंडात घोळवला.

“मीठ... कमी.”

“पाह्य बाप्पा! जन्मात आता आली अन् मीठ काढून राहिली!” भावजयबाई तणतणत उठल्या आणि मीठ घेऊन आल्या. “घ्या. आता खारट म्हनान त याद राखजा.”

बाई खात राहिल्या. साहेब हात जोडून काही बोलायला गेले, तर भावजयबाई माझ्याकडे बघून खेकसल्या, “खाली बसा म्हना त्याईले. उभ्यानं पाहून राहिले त तिच्या गयातून घास उतरत नाही.” साहेब निमूट फरशीवर बसले.

बाईंनी ताट संपवलं. कुणी ‘पुन्हा या’ म्हटलं नाही. खुर्ची उतरवायलाही आम्ही दोघंच.

गाडीत बाईंनी मोठा ढेकर दिला आणि साहेब खुदकन हसले. मला नाही हसू आलं. त्या पायऱ्या माझ्या कमरेत ठणकत होत्या.