मायकेनच्या डाव्या हाताचे यंत्र

टॉर्केल ओसला 'नाही' म्हणता येत नाही, हे आमच्या स्ट्रॉमविकमध्ये सगळ्यांना ठाऊक होते, आणि ज्याने त्याने आपापल्या परीने त्याचा फायदा घेतला होता. शेजाऱ्याच्या दारातला बर्फ टॉर्केल काढायचा, ज्याची नाव असेल त्याची नाव टॉर्केल पाण्यातून ओढून वर आणायचा. तुम्ही माफी मागायला गेलात, तर तुमचे वाक्य पुरे होण्याआधीच तो म्हणायचा, "ठीकच आहे, ठीकच आहे." गावातला टेलिफोनचा कारखाना बंद झाला तेव्हा त्याच्या हाती नोकरी गेल्याचा कागद देणाऱ्या साहेबालाही तो हेच म्हणाला होता, असे सांगतात. मला त्यात काही नवल वाटत नाही.

त्याची बायको मायकेन अगदी दुसऱ्या टोकाची. उन्हाळ्यात आमची मंडळी गावोगावच्या उद्यानांत नाच-गाण्याचे खेळ करत फिरायची. तेव्हा मायकेन पियानोवर असे. मी सूर सोडला की ती पियानोनेच मला चिमटा काढायची, आणि लोकांना वाटायचे की तो विनोद आधीच ठरलेला होता. किती टाळ्या मी तिच्या चिमट्यांवर घेतल्या! असा हात पुन्हा ऐकला नाही.

तो हात गेला. मेंदूला झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबकळू लागला. बोलणे वाचले, जरा संथ झाले, पण तिखटपणा तसाच. पियानो विकायला तिनेच लावले. "एका हाताने वाजवायला मी काय सर्कशीतली आहे?" म्हणाली. मग ती खिडकीशी बसू लागली.

टॉर्केलने त्या हिवाळ्यात तळघरात बसून एक यंत्र बनवले. मांडीवर घेऊन खेळायचे, गेमचे यंत्र, पण त्याला पूर्ण कीबोर्ड. बर्चच्या लाकडाची, लोण्याच्या डब्याएवढी पेटी. कारखान्याच्या भंगारातून वाचवलेली जुनी हिरवट स्क्रीन. आणि सगळीच्या सगळी अक्षरे डाव्या बाजूला. जी जास्त लागतात ती अंगठ्याभोवती, बाकीची त्यांच्या मागे. उजवी बाजू कोरी. खाली उतरता लाकडी ठोकळा आणि त्यावर बुचाची चकती, म्हणजे पेटी मांडीवरून घसरू नये. दिसायला वेडेविद्रे. एका बाजूची मिशी काढून टाकलेल्या माणसासारखे.

खेळही त्यानेच लिहिलेला. चित्रे नाहीत, आवाज नाहीत. हिरव्या अक्षरांत वाक्य उमटायचे : 'उद्यानाचे फाटक बंद आहे. आत दिवे लागलेले आहेत.' मग आपण लिहायचे, फाटक उघड. आत नाचाची लाकडी फरशी, चक्रपाळणा, तिकिटांची खोली, रंगपट. कुठे कोणाचा हातमोजा पडलेला, कुठे अर्धवट चिठ्ठी. तरुणपणी दोघे असलेच लिहायचे खेळ खेळत बसायचे. टॉर्केलने आता तिला आमचे जुने उन्हाळेच त्या डब्यात घालून दिले होते.

मी एकदा गेले, तर मायकेन माझ्याकडे न बघता म्हणाली, "डागनी, गप्प बस. मी पियानोच्या खाली अडकलेय." तिचा डावा अंगठा त्या कळांवरून असा पळत होता की मी दारातच उभी राहिले.

यंत्राला खोडी दोनच. बॅटरी लवकर उतरायची, आणि एक कळ दाबली की अडकून बसायची. टॉर्केलच्या डोळ्यांना आता बारीक तारा दिसत नव्हत्या. म्हणून तो बुधवारी संध्याकाळी ते घेऊन लोकभवनातल्या अभ्यासमंडळात गेला.

आमच्या हौशी नाटकमंडळीची तालीम त्याच वेळी शेजारच्या खोलीत, आणि कॉफी दोन्ही मंडळींची मिळून, तेव्हा सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले. मंडळात हौसेने रेडिओ, दिवे, यंत्रे करणारी माणसे. वाचनालयातली अनेली मंडळ चालवायची. नियम साधा. वस्तू टेबलावर ठेवायची, फेरी सुरू. प्रत्येकाने एक आवडलेली गोष्ट सांगायची आणि एक सुधारणा. कोणाची हरकत नसेल तर सुधारणा मंजूर. जो गप्प तो राजी.

"लाकूड किती देखणं आहे!" अनेली म्हणाली. "सुधारणा म्हणशील, तर डावीकडे फार दाटी झालीय रे. डोळ्यांना खटकतं."

"मला माझा मेहुणा आठवला," म्हातारा वायरमन रूने म्हणाला. "मेजवानीनंतर अगदी असाच डावीकडे कलतो." सगळे हसले. टॉर्केलही हसला. "पण उजवीकडे एवढी मोकळी जागा आहे, तिथे फिरती दांडी बसव की, जॉयस्टिक. गेम म्हटल्यावर दांडी पाहिजेच."

लुडविग नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता आणि सर्किट जोडण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. तो म्हणाला, "कळा दोन्ही बाजूंना वाटून टाकू. दोन अंगठे, अर्धी अर्धी अक्षरं. दुप्पट वेगाने लिहिता येईल."

"आणि खालचा तो दाराला लावतात तसला ठोकळा कशाला?" रूने म्हणाला. "खिशात जायला हवं."

"मी खरं तर बॅटरीसाठी..." टॉर्केल म्हणाला. "आणि ती एक कळ..."

"ते होईलच रे! आधी आकार तर ठरू दे," अनेली म्हणाली. "काही हरकत, टॉर्केल?"

"नाही, नाही. ठीकच आहे."

परतताना मी त्याला म्हटले, "अरे, सांग ना त्यांना हे कोणासाठी आहे ते."

"घरचं दुखणं काय टेबलावर मांडायचं, डागनी? बिचारे कॉफी पिताहेत. मग सगळे मायकेनची चौकशी करत बसतील. तिला आवडेल का?"

आमच्याकडे कोणी आपण होऊन दुःख सांगत नाही, आणि दुसरा विचारत नाही, कारण विचारणे म्हणजे आगाऊपणा. या दोन सभ्यतांच्या मधून काय काय वाहून जाते!

बुधवारामागून बुधवार गेले. यंत्र कागदावर देखणे होत चालले. मग एके दिवशी लुडविग म्हणाला, "नमुना जोडायला तुझी जुनीच स्क्रीन घेऊ का? नवी यायला वेळ आहे."

"घ्या की," टॉर्केल म्हणाला.

बर्चची पेटी घरी परत आली ती मधोमध चौकोनी भोक घेऊन.

"माझं यंत्र?" मायकेनने विचारले.

"दुरुस्तीला आहे."

"कोणाकडे?"

"सगळे मिळून बघताहेत."

"म्हणजे येणार नाही," मायकेन म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पुढच्या बुधवारी कॉफीच्या वेळी दालचिनीचे बन फिरत होते. मी बशी खाली ठेवली आणि म्हटले, "ते यंत्र मायकेनसाठी होतं. तिचा उजवा हात चालत नाही. म्हणून अक्षरं डावीकडे होती, आणि ठोकळा मांडीसाठी होता." आयुष्यभर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवला आहे मी. तो तिथेही पोहोचला.

अनेलीच्या गळ्याशी लाली चढली. "टॉर्केल! अरे, तू बोलला का नाहीस?"

"विषयच निघाला नाही," टॉर्केल म्हणाला. माझ्याकडे त्याने अशा नजरेने पाहिले, जणू मी त्याचे कपडे चारचौघांत उतरवले.

वाईट माणसे नव्हती ती. खरोखर हळहळली. पण हळहळीचीसुद्धा फेरी झाली. कोणी म्हणाले, जुनेच परत जोडू. कोणी म्हणाले, पण नवा नमुना तयारच आहे, कदाचित तिला तोच बरा वाटेल. शेवटी अनेली म्हणाली, "आपण तिच्या वतीने ठरवणारे कोण? तिलाच विचारू. वापरणाऱ्याचं मत सगळ्यात मोठं." कोणाची हरकत नव्हती.

रविवारी सगळे आले. दारात बूट काढून, मोज्यांवर, बदामाच्या हिरव्या आवरणाचा केक घेऊन. टॉर्केलने मायकेनचे केस विंचरले होते, तिच्या कानांत मोती अडकवले होते. ती खुर्चीत ताठ बसली होती. भोवती अर्धवर्तुळात हसरे चेहरे. प्रेक्षक इतके जवळ असले की काय होते ते मला विचारा.

नवे यंत्र काळेभोर, गुळगुळीत, रंगीत स्क्रीनचे. दोन्ही टोकांना अक्षरे, उजवीकडे ती फिरती दांडी. टॉर्केलचा खेळ त्यात घातलेला होता. मायकेनने ते डाव्या हातात धरले. डावीकडची दोन अक्षरे लिहिली. तिसरे उजवीकडे होते. अंगठा पोहोचेना, म्हणून तिने यंत्र मांडीवर ठेवले, तर ते घसरले. टॉर्केलने वाकून धरले. ती हात आडवा नेऊन ते एक अक्षर शोधत राहिली. स्क्रीनवर फाटक बंदच होते.

"काय वाटतं, मायकेन?" अनेलीने विचारले. "मोकळेपणाने सांग हं."

मायकेनने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग केककडे पाहिले.

"छान आहे," ती म्हणाली. "किती कष्ट घेतलेत तुम्ही."

लुडविग तिच्या अंगठ्याकडे बघत होता. "कुठे अडतंय का? अक्षरं लांब पडतात का?"

"नाही, नाही. सवय होईल."

"पण मला वाटतं..."

"लुडविग, ती सांगतेय ना!" अनेली हळूच म्हणाली. "तिच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत."

केक कापला गेला. त्या वसंतात मंडळाने त्या यंत्राचे पुष्कळ नग केले, राजधानीच्या जत्रेत मांडले, आणि ते वाखाणले गेले. मंडळाचे जुने सहकारी म्हणून टॉर्केलचे आभार छापले होते. त्याला दोन नग भेट मिळाले. त्यांवर पोरे खेळतात ते सारे खेळ चालायचे.

पाहुणे गेल्यावरचे बोलणे टॉर्केलने मला नंतर सांगितले. तो मायकेनला म्हणाला, "तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू सांगितलंस?"

शरद ऋतू आला आणि मायकेन बोलेनाशीच झाली. उठून खिडकीशी, खिडकीपासून पलंगावर. मी एका दुपारी गेले, तेव्हा ती अचानक म्हणाली, "डागनी, तू नटी होतीस ना? मग ह्याला एक वाक्य शिकव. लहानसंच आहे. 'माझी स्क्रीन मला परत हवी आहे.' बाकीची पेटी आहेच घरात. चार तारा लुडविग जोडून देईल."

टॉर्केल कसनुसा हसला. मी मात्र मनावर घेतले. स्वयंपाकघरात उभे केले त्याला.

"अनेली, तुला वेळ असेल तर, म्हणजे जमत असेल तर..."

"'तर' काढ," मी म्हटले. "दोन्ही 'तर' काढ. खांदे मागे. पोटातून बोल."

"माझी स्क्रीन, ती जुनी, तशी घाई नाही..."

"घाई आहे!" मायकेन खुर्चीतून ओरडली.

दुपार उतरली. आम्ही हसलो, मी चिडले, त्याला घाम फुटला. शेवटी एकदा त्याने ते वाक्य असे टाकले, की कपाटातल्या बश्या वाजल्या. "माझी स्क्रीन मला परत हवी आहे!" मायकेनने डाव्या हाताने टेबल बडवले. किती महिन्यांनी तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला!

"आता लाव फोन," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."

टॉर्केलने खिशातून फोन काढला, आमच्याकडे पाठ केली आणि कानाला लावला.

"अनेली? टॉर्केल बोलतोय. मागच्या भेटीबद्दल आभार. हो, बरी आहे. ऐक, माझी स्क्रीन मला परत हवी आहे. हो, तीच. हो. बरं, बरं."

वाक्य बिनचूक आले. पण मी शेकडो वेळा रंगमंचावर मुक्या फोनात बोलले आहे. पलीकडे माणूस असला की बोलणारा थांबतो ते ऐकण्यासाठी. पलीकडे कोणी नसले की तो नुसता थांबतो. टॉर्केलने तर अनेलीला 'हॅलो' म्हणण्यापुरतीही जागा ठेवली नव्हती. मी मायकेनकडे पाहिले. असल्या माझ्या फोनांच्या वेळी पियानोवर ती बसलेली असायची, विराम मोजत. ती टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत होती.

टॉर्केल बाल्कनीत गेला. मी मागोमाग गेले, दार ओढून घेतले.

"लावलाच नाहीस."

तो खालच्या सायकलींकडे बघत राहिला. "स्क्रीन नाहीच आहे, डागनी. नव्या स्क्रीन आल्यावर मग जुन्या सामानाची फेरी झाली. ही कोणाला हवीय का, म्हणून लुडविगने विचारलं. मी कॉफी ओतत होतो. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर... मग ती भंगाराच्या खोक्यात गेली, आणि खोकं नगरपालिकेच्या गाडीत."

"कधी?"

"तुम्ही सगळे आमच्या घरी आलात, केक खाल्लात. त्याच्या पुढच्या बुधवारी."

"आणि आज दुपारभर मी तुला..."

"ती हसत होती ना," टॉर्केल म्हणाला.

"आत जा आणि खरं सांग तिला."

त्याने मान डोलावली. डोळे पुसले, खांदे मागे घेतले, मी शिकवले तसे, आणि आत गेला.

"काय म्हणाली अनेली?" मायकेनने विचारले.

"बघते म्हणाली."

मायकेनने त्याच्याकडे पाहिले, पाहुण्यांकडे पाहिले होते तसे.

"छान," ती म्हणाली.