मध्यस्थीला आलेलं वऱ्हाड

घटस्फोटासाठी कोर्टात भांडायचं नाही, मध्यस्थीने मिटवायचं, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं. सात वर्षांत आमचं एकमताने ठरलेलं हे पहिलंच काम. महाडच्या एका वकीलबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. आमच्याकडे दोघं म्हणजे किती माणसं, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार!

नाते गावाहून सासरची जीप भरून आली. सासू, सासरे, दीर, मामेसासरे आणि भावकीतले दोन म्हातारे. माझ्याकडून आई, बाबा, काका आणि हे लग्न जुळवणारे गृहस्थ. साखरपुड्याला होती तीच मंडळी, फक्त पेढे नव्हते.

मामेसासरे दारातूनच म्हणाले, "पोरांना काय कळतंय? बोलायला आमी हाय ना!"

वकीलबाईंनी सरळ त्यांच्या तोंडावर दार लावलं. हे धाडस इतक्या वर्षांत ना मला जमलं, ना नवऱ्याला.

आत आम्ही दोघंच उरलो. नवरा म्हणाला, "तुला वरंधच्या शाळेतली नोकरी सोडायला लावली, ते मला पटलं नव्हतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा सगळे बसले होते ना."

तासाभरात सगळं मिटलं. घटस्फोटाच्या करारावर सह्या घेताना वकीलबाई म्हणाल्या, "किती समजूतदार आहात! घरी कधी असे दोघंच बसला नाहीत का?"

आम्ही उत्तर देणार, तेवढ्यात सासूबाईंनी बाहेरून दार वाजवलं. "झाला काय गो? आमी येऊ आत?"