चालू चार्जिंगवरची पूजा

माणसाने अंधारासाठी काय साठवून ठेवलं आहे, यावरून त्याचं घर ओळखावं. भिलाईच्या आमच्या घरात ते मागच्या व्हरांड्यात, चपलांच्या रॅकशेजारी साठवलेलं होतं: इन्व्हर्टरची मोठी ॲसिडची बॅटरी. ती आईसाठी घेतली होती. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि ऑक्सिजनचं मशीन थांबलं की थोड्याच वेळात तिचे ओठ निळे पडत.

बाबा स्टील प्लांटच्या बॅटरी रूममधून रिटायर झालेले. घरातलं सगळं चार्जिंग त्यांच्या हुकमाने चाले. इलेक्ट्रिक स्कूटीची लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरवर, उघड्या फरशीवर, तीही कोणीतरी जागं असताना. टॉर्चच्या चार्जिंगच्या सेलांत जुने-नवे मिसळायचे नाहीत, आणि साधे सेल चार्जरमध्ये कोंबायचे नाहीत. उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल ते जप्त करत. नियम बरोबर होते; सुनावण्याची तऱ्हा मात्र सेफ्टी वीकच्या भाषणाची.

विश्वकर्मा पूजेला प्लांटमध्ये मशीन बंद करतात, पुसतात, मग हार घालतात. घरी बाबांनी तेच केलं, फक्त बंद करणं शक्य नव्हतं. सकाळभर लाइट नव्हती, आईच्या मशीनने बॅटरी रिकामी केली होती, आणि लाइट आल्यापासून ती जोरात चार्ज होत होती. लाइट पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नव्हता. बाबांनी झाकणं उघडून बॅटरीचं पाणी भरलं, झाकणं तशीच उघडी ठेवून कुंकू लावलं आणि केळ्यात खोचलेली पेटती उदबत्ती जवळ आणली.

मी म्हणालो, चार्ज होताना हिच्यातून पेटणारा गॅस निघतो, हे तुम्हीच सांगता.

"तू मले बॅटरी शिकवून राहिला का? पूजा हाय. दोन मिनिटं थांब."

आतून आई म्हणाली, "देवालेबी ड्युटीवर लावलं यायनं."

लोखंडी दार आपटल्यासारखा आवाज झाला. बॅटरीचं वरचं कवच उडालं, घराची लाइन ट्रिप झाली. बाबांनी ॲसिड उडालेलं तोंड नळाखाली धरलं. मी आईकडे धावलो. मशीन गप्प होतं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड आत देईपर्यंत आई माझ्या मनगटात नखं रुतवून हवा ओढत होती. मशीन सुरू झाल्यावरही तिने हात बराच वेळ सोडला नाही.

बाबांचे डोळे वाचले, गालावर डाग राहिला. जुने सोबती भेटायला आले. प्लांटमध्ये इतक्या पूजा झाल्या, असं कधी घडलं नाही, असं प्रत्येकाने ऐकवलं.

"तिथं बंद करत होतो," बाबा म्हणाले.

कॅम्प-वनच्या बाजारातून नवी बॅटरी आणली. बाबांनी तिला हात लावला नाही. रोज संध्याकाळी दारात उभे राहून ती भरली का, एवढंच मला विचारत.

आई हिवाळ्यात गेली. दुपार होती, लाइट होती.