परत भ्या वाटंल तवा

पंच्याहत्तर साली मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. तासगावकडच्या आमच्या गावात कुणाचाही इंग्रजी अर्ज माझ्याकडेच येई. तेव्हा शेजारी नेव्हीतला एक पाणबुड्या रजेवर पाहुणा आला होता. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून समुद्रात उतरणारा. जमिनीवर गप्पा मारतानाही सवयीने नाक दाबून कान मोकळे करायचा. आणखी खोल जायच्या कोर्सचा अर्ज त्याच्या खिशात होता, रजा संपायच्या आत भरायचा. पण तो भरू देईना.

“अडलंय कुठं?” मी विचारलं.

“आता पाण्यात भ्याच वाटंना गड्या. भ्या नसलेला माणूस खोल गेला की ध्यान सुटतं, मग वर येत न्हाई. परत भ्या वाटंल तवा बघू.”

दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीत पडलेली कळशी काढायला त्याने सूर मारला, आणि बोंबलतच वर आला.

“पायाला गार कायतरी लागलं रं!”

त्याच्या पाठोपाठ भलंमोठं कासव वर आलं. आम्ही काठावर हसून लोळलो. तो मात्र ओल्या चड्डीवर पायरीवरच नाचायला लागला.

“भ्यालो रं, लय भ्यालो! आण तुझा पेन!”

मी तिथंच अर्ज भरला. सही करताना त्याचा हात अजून कापत होता, आणि तो त्या हाताकडे कौतुकाने बघत होता.