आंबीला नापसंत

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. आंबी गावची मंडळी सांगतात तेव्हा तिच्यात वाजंत्रीसुद्धा असतात!

मी लोणावळ्याला मास्तर. तेव्हा मुलींसाठी कादंबरी लिहीत होतो. बाप वारलेला, घरची ओढाताण, पंधरा वर्षांची नायिका. पण ही नायिका चार प्रकरणं नुसती रडत होती. बायको हयात असती तर म्हणाली असती, "हिला आधी तोंड धुऊन यायला सांगा." ती नव्हती. म्हटलं, अशा एखाद्या मुलीशी प्रत्यक्ष बोलावं.

आंबीचे दगडूभाऊ आमचे लांबचे सोयरे. त्यांची पुतणी चंद्रा अशीच बापाविना वाढत होती. रविवारी येतो, चंद्राशी बोलायचंय, असा निरोप धाडला आणि धुतलेला कोट घालून गेलो.

ओटीवर घोंगडी अंथरलेली, फेटे बांधून चार जण बसलेले. मला वाटलं, केवढा हा लेखकाचा मान! पोहे आले. चंद्रा मान खाली घालून समोर बसली.

मी विचारत सुटलो. भाकरी येते का? पाणी कुठून आणतेस? घट्टे बघायला हात दाखवायला सांगितलं. हंडा वाहणारी मुलगी कशी चालते, म्हणून चालायला लावलं. फेटे डोलू लागले. दगडूभाऊंनी घरी कोण कोण, असं विचारलं. मी मोकळेपणानं सांगितलं, एकटाच असतो, घर खायला उठतं.

"मंग? कशी वाटली पोर?"

"अगदी मनात होती तशी!"

झालं! भाऊंनी माझ्या हातावर साखर ठेवली. आता सांगा, विधुरानं आणखी काय करायचं बाकी ठेवलं होतं?

तेवढ्यात चंद्रा उठली. "काका, मला न्हाई लगीन करायचं ह्यांच्याशी. मी सातवी पास हुनार, मास्तरीण हुनार. आयला मीच सांभाळनार. अन् ह्यांचं टक्कल बी लय जुनं हाय."

घाम पुसत मी कादंबरीचं सांगितलं.

"म्हंजी तुमी नवरा न्हाई?" भाऊंनी विचारलं.

"नाही हो."

"देव पावला," दाराआडून चंद्राची आई म्हणाली.

चंद्रा मात्र तिथंच उभी. "मंग मास्तर, गणित शिकवाल का?"

शिकवलं. पास झाली. आज तळेगावात मुलींना शिकवते, आई तिच्याकडेच असते.

माझी चारी प्रकरणं मी चुलीत घातली. नवी नायिका रडत नाही. पहिल्याच प्रकरणात एका बिजवराला घालवून देते. लोकांना ती आवडते, पण भेटले की विचारतात त्या बिजवराबद्दल. "मास्तर, इतका बावळट माणूस तुम्हाला सुचला तरी कसा?"

मी म्हणतो, प्रतिभा!