ओट्याचा अखंड दगड

धाकट्या, हे पत्र तुला चार शब्द सुनावण्यासाठी आहे. नातेवाईक जमले की तो ओट्याचा किस्सा निघतो आणि दर वेळी तुझ्या मेहुण्याच्या वेंधळेपणापायी दगड वाया गेला असं ठरतं. मेहुणा गप्प बसतो. तूही बसतोस, वर हसतोस. लाज वाटू दे जरा! खरं काय घडलं ते एकदा कागदावर उतरवते. तुझ्या तोंडावर तुझी गोष्ट सांगताना मी उगाच मवाळ होईन, म्हणून तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते.

धाकटा पस्तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत ओट्याचे दगड बसवत आला. थोरली बहीण कॉलेजात होती तेव्हा हा दोनदा मॅट्रिकला आपटून दगडांच्या वखारीत जाऊन बसला. वडिलांनी कपाळाला हात लावला. पण पुस्तकात न चाललेलं डोकं दगडात चाललं. दगड घेण्याआधी तो उभा करायचा आणि बोटांच्या पेरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जायचा. धड दगड खणखणतो, आत चीर असली तर बद्द बोलतो. दुसरे कारागीर दगडावर पाणी ओततात. बाकी दगड सुकतो, चीर तेवढी ओली राहते. धाकटा त्यांची टर उडवायचा. "दगडाला आंघोळी घालतात लेकाचे!"

दोन वर्षांपासून मात्र तो आवाज त्याला येतच नव्हता. कटरच्या किंचाळण्याने उजवा कान कामातून गेला होता आणि डाव्यात सतत शिट्टी वाजायची. समोरासमोरचं बोलणं कसंबसं कळायचं, दगडाचं नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. बहिऱ्या मिस्त्रीला काम कोण देणार? मग त्याने युक्ती काढली. दगड वाजवायचा आणि नजर मेहुण्याच्या तोंडावर ठेवायची. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, वीस वर्षं त्याच्याबरोबर काम करत होता. आवाज बद्द आला की त्याच्या भुवया आपोआप वर जायच्या. भाऊजी त्याच्या कानांनी ऐकतात याचा त्याला पत्ताच नव्हता.

त्या दिवशीचं काम एका मुख्याध्यापिकाबाईंकडे होतं. जुना ओटा फोडून अकरा दिवस झालेले, शेगडी गॅलरीत, डबे पलंगाखाली, घरभर धूळ. बाईंची अट एकच: नऊ फुटांचा ओटा अखंड हवा, मध्ये सांधा चालणार नाही. त्यांनी पसंत केलेला करड्या लाटांचा काळा दगड वखारीत एकच उरला होता.

धाकट्याने तो वाजवला, मेहुण्याकडे पाहिलं, आणि त्याची पंचाईत झाली. मेहुण्याने सकाळीच दाढ काढून घेतली होती. तोंडात कापसाचा बोळा, गाल टम्म, आणि हनुवटीपासून डोक्यावर गुंडाळलेलं फडकं थेट डोळ्यांपर्यंत उतरलेलं. भुवया कुठल्या दिसायला! चौथ्या ठोक्याला मेहुणा हात हलवून काहीतरी हुंकारला.

"ठणकतेय का रे? बाईंकडे पोचलो की गोळी घे," धाकटा म्हणाला. "चला, उचला."

मेहुण्याने मान डोलावली. भाऊजींना त्याच्याहून जास्त कळत होतं.

बाईंच्या इमारतीपाशी आल्यावर दोन हमाल आणि हे दोघे, अशा चौघांनी तो दगड आडवा न करता, उभ्या कडेवर, तीन जिने चढवला. आडवा धरला तर आपल्याच वजनाने मोडतो. दगड ओट्यावर नीट बसल्यावर धाकट्याने सिंकची चौकट आखली. सिंकच्या पुढे दगडाची जेमतेम तीन बोटं रुंद पट्टी राहणार होती. सगळी भीती तिचीच. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या.

तीन बाजू कापून झाल्या. चौथीला कटर लावून त्याने डावा तळवा पट्टीवर ठेवला. कटरची थरथर पट्टीच्या मध्यापर्यंतच येत होती. पलीकडे दगड मुका होता.

त्याने कटर बंद केला.

"का थांबलात?" बाईंनी विचारलं.

मेहुण्याने बोळा काढून टाकला. "भाऊजी, वखारीत चौथा ठोका बद्द आला होता. तुम्ही उचला म्हणालात. म्हटलं, तुम्ही काही विचार केला असेल."

"म्हणजे याला माहीत होतं?" बाई कडाडल्या. "आणि तोंडात बोळा घालून गप्प बसला? अशी माणसं ठेवता कशाला हो कामावर?"

वाट आयतीच मोकळी झाली होती. धाकट्याने फक्त मान हलवायची होती. मेहुण्यावर खापर फुटलं असतं आणि चीर गोंदाने भरून, घासून चकचकीत करता आली असती. वर्षभराने कुणी जड पातेलं आदळेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. मेहुणा मान खाली घालून उभा होता.

"पाणी द्या," धाकटा म्हणाला.

त्याने पट्टीवर पाणी ओतलं, पुसलं आणि वाट पाहिली. दगड हळूहळू सुकला. केसासारखी एक काळी रेघ आरपार ओली राहिली.

"बाई, त्याला बोलू नका. दगड मी वाजवला आणि मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही."

"कधीपासून?" मेहुण्याने विचारलं.

"दोन वर्षं."

"मग आमची ताई, तुमची बायको, घरात एवढी बोलते, ते?"

"निम्मं येत नाही. म्हणून तर बरं चाललंय."

बाई हसल्या नाहीत. धाकट्याने उपाय सांगितला: चिरेवरच दगड कापायचा आणि सांधा सिंकपाशी घ्यायचा, म्हणजे पुढेमागे तीन-तीन बोटंच दिसेल. बाईंनी बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं. "करा," त्या म्हणाल्या. "पण माझ्या जावेच्या ओट्याचं तुम्हाला बोलले होते ना, ते राहू द्या."

संध्याकाळपर्यंत सांधा बसला. नखाला लागत नव्हता, पण होता.

तिथून तू सरळ माझ्याकडे आलास आणि चपला न काढताच सगळं सांगितलंस. घरच्यांना मात्र मेहुण्याचं नाव सांगितलंस, आणि त्या भल्या माणसाने ते तसंच राहू दिलं. मी तुला झापलं आणि मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. मंगळवारी तू फोन केलास: नवं काम आलंय, मेहुणा दगड वाजवून मोठ्याने सांगतो, ताई, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात माझा गुडघा धरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी विसरले, आणि तू आठवण करून दिली नाहीस. दवाखाना माझ्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. आपण अजून गेलेलो नाही.